कार्डावर नाव कुणाचं?

(दृश्य: निपाणीतली गल्ली, सकाळ. उंबऱ्याच्या आत सूप घेऊन बसलेल्या बायका.)

पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कडेकडेनं कात्री चालवायची. चिमूटभर तंबाखू घालून पान वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा मारायचा. झाली एक विडी. मजुरी मिळते ती हजाराच्या हिशेबानं.

माझ्या आजीची बोटं सत्तर वर्षं हेच करत होती. गल्ली तिला आक्का म्हणायची.

तिचं माहेर कागलकडचं. लग्न होऊन ती निपाणीला आली आणि थोड्याच दिवसांत, 1 नोव्हेंबर 1956 ला, राज्यपुनर्रचनेत हा भाग म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, जोडला गेला. माहेर मुंबई राज्यात, सासर म्हैसूरमध्ये. दरवर्षी त्याच तारखेला सीमाभागातली मराठी माणसं निषेधाचा काळा दिन पाळतात; त्या दिवशी ती दंडाला काळी फीत बांधायची. शेजारच्या कानडी काकूंशी मात्र जन्मभर कानडीतच बोलली. त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं आजीच्याच हातची.

(दृश्य: जुनं, कडा झिजलेलं विडी कामगाराचं कार्ड.)

हे कार्ड नीट बघा. यावर आजीचं नाव नाही, तिच्या सासूचं आहे.

घरात तिघीचौघी विड्या वळायच्या, पण कारखान्यात नोंद एकीचीच. 1966 साली विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, 1976 ला कल्याण निधीचा कायदा आला. दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, असं बरंच काही त्यातून मिळणार होतं. मिळायचं ते नोंद असलेल्या बाईला. आजीनं सासूच्या कार्डावर वर्षानुवर्षं हजारोंनी विड्या वळल्या. सासू वारली, कार्ड बंद झालं, आणि इतकं राबून आजीच्या हातात काम केल्याचा एक कागद उरला नाही.

त्यानंतर ती दारोदार फिरायला लागली. नवी सून दिसली की पहिला प्रश्न, "कार्ड कुणाच्या नावावर हाय गं?" सासू कुरकुरायची, नवरा म्हणायचा पैसे घरातच येतात की. आजीचं उत्तर ठरलेलं. "काम तिचं, मग नाव दुसरीचं कशाला?" स्वतः चौथी शिकलेली. पण शंभर पानी वहीत तिनं गल्लीतल्या प्रत्येक बाईचं नाव, रोज दिलेल्या विड्या, मिळालेली मजुरी आणि छाट लिहून ठेवली.

छाटीचं सांगायलाच हवं. माल जमा करताना कारकून काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतो, ती छाट. तिची मजुरी नाही आणि विडीही परत नाही. आजी एकदा जमा करायच्या खिडकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "खराब हाय न्हवं? मग आमच्यासमोर मोडून टाका." मागं रांगेतल्या सगळ्याजणी तेच म्हणायला लागल्या. त्या आठवड्यात छाट निम्म्यावर आली. वहीत तो फरक आजही वाचता येतो.

(दृश्य: महामार्ग, वाहनांची वर्दळ.)

गावात आजीची आठवण निघते ती बहुधा 1981 च्या तंबाखू आंदोलनावरून. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हा महामार्ग अडवला होता. तंबाखूला भाव मागत ते रस्त्यातच मुक्कामाला बसले होते. त्या वस्तीला नाव पडलं आंदोलननगर. गल्लीतून भाकरी बांधून नेण्यात आजी पुढं होती. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्या दिवसाबद्दल ती फारसं बोलत नसे.

तिनं भाकरी नेल्या याचा मला अभिमान आहे. पण तिचं खरं मोठं काम मला त्या वहीतच दिसतं. आंदोलन संपल्यावरही ते रोज संध्याकाळी सुरू होतं, आणि त्याचा फोटो कुणी काढला नाही.

मुलींच्या शिक्षणाचंही तसंच. देवचंद कॉलेज निपाणीला अगदी लागून, पण अर्जुननगर पडतं कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. दहावीनंतर मुलीला पलीकडे पाठवायला घरचे बिचकायचे. पहिल्या दिवशी आजी सोबत जायची. माझ्या आत्याला तिनंच नेलं, पुढं मलाही. वर्गाच्या दारापर्यंत यायची आणि बाईंना सांगायची, "आमची हाय, लक्ष ठेवा."

शेवटची काही वर्षं तिला दिसत नव्हतं. तरी विडी हातात घेऊन बोटांनी सांगायची की दोरा सैल आहे.

ती गेली तेव्हा सकाळी गल्लीत एकही सूप बाहेर आलं नाही. दिवसाची मजुरी सोडणं म्हणजे काय, हे विडी वळणाऱ्या घरालाच कळेल.

(दृश्य: वहीचं ताजं पान, निळी शाई.)

वही आता माझ्या आईकडं आहे. आजीनं सुरू केलेली भिशी दर महिन्याला लागते. मागच्या बैठकीत दोन नव्या सुनांची नावं वहीत चढली. दोघी अजून सासूच्याच कार्डावर वळतात. सोमवारी आई त्यांना घेऊन कारखान्यात जाणार आहे. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो तयार ठेवायला तिनं सांगितलंय.