वाफ्याचं लाकूड: आधी विचारा त्यावर काय चोपडलंय

आता लाकडाकडे येऊ, मगाशी दोघातिघांनी तेच विचारलं की भाजीच्या वाफ्याला चारी बाजूंनी फळ्यांची चौकट करायची तर सागवान घ्यायचं का पॅकिंगचं पाइन चालेल. मी म्हणतो जात नंतर बघू, आधी त्या लाकडावर कोणी काय चोपडलंय ते बघा. फळी कुजली तर बदलता येते, मातीत उतरलेलं परत काढता येत नाही, आणि त्याच मातीत आपण पालक-मुळा लावणार.

आपल्याकडे वाळवीसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल मारायची जुनी सवय आहे. भाजीच्या वाफ्याला अजिबात नको, त्यात इंजिनातले धातू उतरलेले असतात. रेल्वेचे जुने स्लीपर दिसायला एकदम भारी, पण ते क्रिओसोटमध्ये, म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेल्या तेलात मुरवलेले, उन्हात तापले की वास येतोच. हिरवट झाक असलेली ट्रीटेड फळी दिसली तर सीसीए आहे का विचारा, त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असतं, अमेरिकेत २००३ च्या शेवटी घरगुती वापरासाठी ती बनवणं कंपन्यांनी थांबवलं. वाड्यांच्या जुन्या चौकटी मिळतात पुण्यात, लाकूड सोन्यासारखं, पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आणि तो घासून काढायला गेलात तर ती धूळ अजून वाईट, म्हणून बिनरंगाचीच घ्या.

पॅलेटचं, म्हणजे माल ज्यावर रचून पाठवतात त्या पॅकिंगच्या लाकडी चौकटीचं, सोपं आहे. परदेशात जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, त्यात एचटी लिहिलं असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशाला अर्धा तास तापवलंय, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते सोडा. आणि शिक्का चांगला असला तरी तेलाचे, केमिकलचे डाग बघा, वर काय ठेवलं होतं कोणाला माहीत! बरं, एचटीने फक्त कीड मरते, पाइन कुजायचं ते कुजणारच, दोन-तीन पावसाळे धरून चाला.

जातीचं म्हणाल तर सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, सालीजवळच्या पांढऱ्याला मात्र लागते, आणि वखारीत स्वस्तात मिळणारं सागवान बरेचदा कोवळ्या झाडाचं, त्यात पांढरंच जास्त. फळीचं टोक बघून घ्या, तिथे रंगातला फरक लगेच कळतो. मला स्वतःला बाभूळ आवडते. बैलगाडीची चाकं, नांगर याचेच व्हायचे, पण इथेही गाभाच हवा, आणि आधी ड्रिल मारा नाहीतर स्क्रू घालताना फाटते. आंब्याचं नको, बुरशी लगेच धरतं. प्लाय तर नकोच, पाण्याला टिकणारा मरीन असला तरी.

जाडी दीड इंच ठेवा, पाऊण इंचाची फळी ओल्या मातीने बाहेर फुगते, आणि लांब वाफा असेल तर मध्ये खुंट्या ठोका. प्लास्टिक लावायचं तर आतून बाजूंनाच लावा, तळ मोकळा ठेवा. गच्चीवाल्यांनी मात्र लाकूड घ्यायच्या आधी इंजिनियरला गाठा, फूटभर ओली माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास वजन, आणि साध्या गच्चीच्या डिझाइनमध्ये वापराचा, म्हणजे माणसं-सामानाचा, भार धरतात तो याच्या निम्मासुद्धा नसतो.