वहीतला शेवटचा रकाना

[दृश्य: रात्रीची वेळ, जेवणाचं टेबल. उघडी वही, पट्टी, लॅपटॉपचा उजेड.]

ही वही एका आईची आहे. रकाने तिने पट्टी घेऊन स्वतः आखलेत. पहिल्यात कॉलेजचं नाव, दुसऱ्यात वेबसाइटवर लिहिलेला वर्षाचा खर्च, तिसऱ्यात गुणवत्तेवर मिळू शकणारे पैसे आणि शेवटच्यात आपल्या खिशातून किती जाणार तो आकडा. शेवटचा रकाना अजून कोरा आहे.

मुलगी अकरावीत, अमेरिकेतच वाढलेली. आई-बाबा दोघंही नोकरी करतात. उत्पन्न बघून मिळणारी मदत त्यांच्या वाट्याला फारशी येणार नाही, आणि वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर बाजूला काढावेत अशीही परिस्थिती नाही. इथल्या कितीतरी मराठी घरांची गत अशीच मधल्यामध्ये अडकलेली आहे.

[दृश्य: फ्रिजवर चिकटवलेली यादी. नावांपुढे पेन्सिलीने खुणा करणारा हात.]

यादीतली वरची नावं आयव्ही लीगची, म्हणजे आठ जुन्या नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातली. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन. ही नावं मुलीच्या कानावर शाळेच्या पहिल्या दिवसापासून पडत आलीत. आयव्ही लीगच्या आठांपैकी एकही विद्यापीठ हुशारीसाठी म्हणून शिष्यवृत्ती देत नाही. एमआयटीही देत नाही. तिथली मदत घरची आर्थिक स्थिती पाहून ठरते, आणि ज्यांना ती मिळते त्यांना भरभरून मिळते. पण या घराला ती फारशी मिळणार नाही. ही गोष्ट अर्ज भरण्याआधी कळली पाहिजे. बऱ्याच घरांत ती ॲडमिशनचे पेढे वाटून झाल्यावर कळते, म्हणून हा माहितीपट आम्ही केला.

मग पैसे देतं कोण? ज्या कॉलेजांना चांगली मुलं आपल्याकडे ओढायची आहेत, ती देतात. 2023-24 मध्ये खासगी कॉलेजांनी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या छापील ट्यूशनपैकी, म्हणजे शिक्षण शुल्कापैकी, सरासरी 56 टक्के रक्कम, गरज आणि गुणवत्ता दोन्ही धरून, सोडून दिली. म्हणजे दुसऱ्या रकान्यातला आकडा वाचून घाबरायचंही कारण नाही आणि त्यावर विसंबायचंही नाही.

[दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन, अगदी जवळून. तक्ता हळूहळू वर सरकतो.]

आता इथे थोडं थांबूया, कारण सगळ्यात उपयोगाची जागा ही आहे. याला कॉमन डेटा सेट म्हणतात. बरीच कॉलेजं दरवर्षी एकाच नमुन्यात आपली माहिती भरून जाहीर करतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द टाकले की फाइल समोर येते. तीस-चाळीस पानं असतात, सगळी वाचायची गरज नाही. विभाग एच, तक्ता एच-टू-ए.

आईचं बोट जिथे टेकलंय ती ओळ 'एन'. आर्थिक गरज नाही असं ठरूनही कॉलेजने स्वतःच्या पैशातून शिष्यवृत्ती दिली, अशी मुलं किती, ते इथे लिहिलेलं असतं. त्याखालची ओळ 'ओ' : अशा प्रत्येकाला सरासरी किती डॉलर मिळाले. पहिल्या वर्षाला एकूण मुलं किती, त्याचा आकडा याच्या वरच्या तक्त्यात, एच-टूमध्ये आहे. भागाकार केला की कळतं, इथे दहातल्या चौघांना पैसे मिळतात की शंभरातल्या दोघांना. मुलगी फोनवर भागाकार करते, आई वहीत उतरवते. दोघींचं बोलणं आम्ही मुद्दाम तसंच ठेवलंय.

[मूळ आवाज, 20 सेकंद]

मग मागे जायचं, विभाग सी-नाईन. तिथे पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष दाखल झालेल्या मुलांचे एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण आहेत. वरच्या पंचवीस टक्क्यांत आपलं मूल बसत असेल, तर तिथे पैसे मिळण्याची शक्यता वाढते. जिथे ते जेमतेम आत शिरतंय, तिथे फार आशा धरू नये. यादी बनवायची ती या दोन पानांवरून. पाहुण्यांसमोर नाव घेतल्यावर कसं वाटेल, यावरून नाही.

[दृश्य: विद्यापीठाचा परिसर, विटांच्या इमारती, रांगेने चाललेली मुलं.]

सगळीकडे इतकं खोदावं लागत नाही. अलाबामा विद्यापीठ तर गुण आणि जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेडची सरासरी, यांचा तक्ता सरळ वेबसाइटवर लावतं. अमुक गुण, तमुक रक्कम. तिथली निम्म्याहून जास्त मुलं राज्याबाहेरून येतात, त्यामागे हा तक्ता आहेच. जॉर्जियात राहणाऱ्यांसाठी 1993 पासून होप शिष्यवृत्ती आहे. पैसा लॉटरीतून येतो, हायस्कूलचा जीपीए किमान 3.0 लागतो. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात 1945 पासून मोरहेड-केन आहे. ती चारही वर्षांचा सगळा खर्च उचलते, पण तिथे स्पर्धा कमालीची आहे.

[दृश्य: परीक्षेच्या सकाळी शाळेच्या दारात उभ्या गाड्या.]

ही अकरावीच्या ऑक्टोबरमधली पीएसएटी, एसएटीच्या आधीची परीक्षा. आपल्याकडे तिला सरावपरीक्षा समजून मुलं अर्धवट झोपेत जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या शिष्यवृत्तीची निवड याच पेपरवर सुरू होते. सुमारे तेरा लाख मुलांमधून साधारण सोळा हजार सेमीफायनलिस्ट निवडले जातात. नॅशनल मेरिटची स्वतःची शिष्यवृत्ती एकदाच मिळणारी, 2,500 डॉलरची. खरा फायदा पुढे आहे: अलाबामासारखी काही विद्यापीठं पुढच्या फेरीत पोचलेल्या फायनलिस्ट मुलांना ट्यूशनपेक्षाही जास्त देतात.

तारखांचं एकच सांगते. शिष्यवृत्तीसाठीची मुदत पुष्कळदा प्रवेशाच्या मुदतीआधी संपते, 1 नोव्हेंबरला किंवा 1 डिसेंबरला. आणि अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाला तर इथेच येईन असं कबूल करून लवकर केलेला, अर्ज बांधून घेतो, दुसऱ्या कॉलेजशी तुलना करायला जागाच ठेवत नाही. पैशांची घासाघीस असलेल्या घराने तो विचार करूनच भरावा.

[दृश्य: बारावी, मार्च महिना. तेच टेबल, वर पत्र.]

प्रवेश दिलेल्या एका कॉलेजचं पत्र आलंय. वर्षाचा खर्च 62,400 डॉलर. त्याखाली ठळक अक्षरांत: तुम्हाला मिळालेली एकूण मदत, 32,000. कॅमेरा जवळ नेतो. 24,000 शिष्यवृत्ती. 5,500 सरकारी कर्ज. 2,500 कॅम्पसवरचं काम. कर्ज फेडायचं आहे, काम करून कमवायचं आहे, तरी तिन्ही एकाच बेरजेत. अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने 2022 मध्ये अशी पत्रं तपासली. 91 टक्के कॉलेजं खरी किंमत एक तर सांगत नाहीत, नाहीतर कमी सांगतात, असं तिला आढळलं. हा हिशेब न करता सही केलेली कित्येक मुलं आज हप्ते फेडतायत.

आई 5,500 आणि 2,500 वर रेघ मारते. 62,400 वजा 24,000. उत्तर मुलगीच सांगते.

[दृश्य: आईच्या कानाला फोन. खिडकीतून सकाळचं ऊन.]

फोन कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला आहे. वहीच्या मागच्या पानावर तिने प्रश्न लिहून ठेवलेत. हे पैसे चारही वर्षं आहेत का? त्यासाठी जीपीए किती राखायचा? एका सेमिस्टरला घसरला तर लगेच बंद, की सुधारायला वेळ देता? ट्यूशन वाढली तर शिष्यवृत्ती वाढते का? बाहेरून दुसरी मिळाली तर तुमची तेवढी कापता का? शेवटचा प्रश्न ती दोनदा विचारते. सरकारी कॉलेजांना अशी कपात करायला मेरीलँडने 2017 मध्ये कायद्याने मनाई केली, असं करणारं ते पहिलं राज्य. हे कॉलेज तिथलं नाही.

[मूळ आवाज: "थँक यू. हे मला ईमेलवर पाठवाल का?"]

फोन ठेवून ती वही पुढे ओढते. आठ सेमिस्टर. जीपीए 3.0. रक्कम ठरलेली, वाढणार नाही. मग शेवटच्या रकान्यात 38,400 लिहिते आणि पुढच्या ओळीवरच्या कॉलेजचा नंबर लावते.