आधी जाळी बघा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा: घरातली जुनी कोळशाची शेगडी, तिची ओळख, दुरुस्ती आणि वापर. तिन्हींवर बोलणार आहे. पण सुरुवात जाळीपासून करू द्या, कारण माझ्या लेखी शेगडी म्हणजे जाळीच. बाकीचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तिच्याभोवती उभं केलेलं असतं.

जुनी शेगडी दिसली की माणूस आधी नक्षी बघतो. दारावरची फुलं, निकेलची पट्टी, वरचा मुकुट. मग कुठेतरी उठावात साल सापडतं आणि शेगडी तेवढी जुनी ठरते. ते साल पुष्कळदा पेटंटचं असतं. ओतकाम त्यानंतर कितीतरी वर्षांनी झालेलं असू शकतं. म्हणून सांगतो, दार उघडा, बॅटरी आत धरा आणि तळ बघा. तळ सपाट आणि बंद असेल, तर ती लाकडाची. लाकूड राखेच्या गादीवर बसून सुखानं जळतं, त्याला वरून हवा मिळाली तरी भागतं. दगडी कोळशाला हवा खालूनच हवी आणि ती ढिगाच्या पोटातून वर यायला हवी. त्यासाठी हलणारी जाळी, तिच्याखाली राखेचा खण, खणाच्या दाराला झडप आणि जाळीच्या वर विटांचं अस्तर लावलेला खोल कोठा. हे चारही दिसले की नक्षी नसली तरी चालेल, शेगडी कोळशाची आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट, म्हणजे कठीण जातीचा दगडी कोळसा, मुबलक होता. लोहार तो भात्यानं हवा मारून वापरत, पण घरात तो काही धड पेटेना. १८०८ साली विल्क्स-बॅरी गावात जेसी फेल यांनी तोच कोळसा घरच्या शेकोटीत लोखंडी जाळीवर रचला आणि तो भात्याशिवाय जळला. कोळसा तोच, घर तेच, फक्त खालून हवेला वाट मिळाली. मला ही गोष्ट सांगताना दरवेळी आनंद होतो. तुमच्यापैकी ज्यांनी ती माझ्याकडून आधी ऐकलीय, त्यांनी शेजाऱ्याला शेवट सांगितला नाही, याबद्दल आभार!

आता माझं गाऱ्हाणं. माझ्या शेगडीच्या जाळीला दीड फुटाच्या दोन दांड्या आहेत, दोन्ही टोकांना खुंट्या. दात झिजले होते, म्हणून त्याच दांड्या नमुना म्हणून एका ओतकारखान्यात दिल्या. ‘आकसणार नाही ना?’ असं मी विचारलंही. ‘जशीच्या तशी येईल,’ असं उत्तर मिळालं. बीड थंड होताना फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं. नमुना करणारा जाणता कारागीर नमुनाच तेवढा मोठा धरतो. इथे जुनाच तुकडा वाळूत दाबला, त्यामुळे नवी दांडी दीड सूत आखूड आली. खुंटीची लांबीच मुळात दोन-तीन सूत! तिसऱ्या दिवशी सकाळी मी मूठ धरून जाळी हलवली, तशी एक खुंटी भोकातून निसटली आणि कोठ्यातला लालभडक विस्तव भस्सकन राखेच्या खणात उतरला. तक्रार घेऊन गेलो तर म्हणे, वजन बरोबर भरलंय. मंडळी, वजनानं कधी जाळी बसते का? मला आजही त्याचा राग येतो, कारण चूक टाळण्याचं ज्ञान त्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा दुरुस्ती झपाट्यानं. खोलीत अंधार करा, शेगडीच्या पोटात दिवा ठेवा. जिथून उजेड गळतो तिथून धूरही गळणार. सांधे भट्टीच्या सिमेंटनं भरा. तडा गेला असेल तर साध्या वेल्डिंगला देऊ नका. बीड आधी सावकाश तापवावं लागतं, नाहीतर जोडाशेजारी नवा तडा जातो. दाराच्या कडेची, फट बुजवणारी जुनी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, ती खरवडू नका, जाणकाराकडून काढून घ्या.

आणि वापर. आधी लाकडाचा विस्तव करा, मग कोळसा थोडाथोडा घाला. ताजा कोळसा भरताना एका कोपऱ्यात निखारे उघडे ठेवा, म्हणजे सुटणारा वायू तिथे पेटतो. सगळं झाकलंत तर तो साचून एकदम भडकतो. वरून ढोसू नका, खालून जाळी हलवा आणि खणात लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबा. खणात राख साठू देऊ नका. ती जाळीला टेकली की थंड हवा अडते आणि जाळी वाकते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, म्हणून धुराडं साफ हवं, त्याची झडप पूर्ण बंद नको आणि खोलीत त्या वायूची सूचना देणारं यंत्र हवंच. हंगाम संपला की धुराड्याच्या नळ्या उतरवून झाडा. गंधकाची राख ओल्या हवेत पत्रा खाते.

ती आखूड दांडी आणि जुनी दांडी दोन्ही इथे टेबलावर आहेत. जाताना शेजारी शेजारी धरून बघा.