क्रिस्को म्हणजे काय?

(नागपुरातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी. विषयाला तुमच्या फोनमधूनच सुरुवात करू. तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. अमेरिकेतल्या कुठल्याशा रस्त्यावर एक पोरगा माईक घेऊन उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो नकाशा दाखवतो आणि म्हणतो, यातला कोणताही एक देश ओळखून दाखवा. एक बाई आफ्रिकेवर बोट ठेवते अन् म्हणते, हा आफ्रिका देश. खाली आपल्या लोकांच्या प्रतिक्रिया: "अन् म्हणे महासत्ता!", "आमच्या चौथीतल्या पोट्ट्याला येते हे."

त्या पोराने दिवसभरात किती जणांना विचारलं आणि त्यातले किती दाखवले, हे मात्र कुणी विचारत नाही. बरोबर उत्तर देणाऱ्याला पाहायला मजा येत नाही, म्हणून त्याला कात्री लागते.

तोच माईक घेऊन आपण बर्डीवर उभे राहू. जायला लांब नको, झिरो माईलपाशीच. चार घोडे, वालुकाश्माचा खांब, सगळ्यांना ठाऊक. हे काय आहे म्हणून विचारा. दहातले नऊ जण छाती फुगवून सांगतील, "देशाचा मध्यबिंदू." कोणत्या देशाचा, बाप्पा? तिथल्या दगडावर १९०७ साल आहे. तेव्हाचा हिंदुस्थान क्वेट्टा-कराचीपासून रंगूनपर्यंत पसरलेला होता. ब्रह्मदेश वेगळा झाला १९३७ मध्ये, पाकिस्तान १९४७ मध्ये. दोन्हीकडचे एवढे मोठे तुकडे गेले तरी मध्यबिंदू जागचा हलला नाही, म्हणजे कमालच म्हणायची! त्या दगडाचं नोंदलेलं काम साधं आहे. तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची उंचीची खूण आहे, समुद्रसपाटीपासून ही जागा किती वर आहे ते सांगणारी. १०२० फूट आणि वर थोडं.

दुसरा प्रश्न कॉलेजच्या पोरांना विचारा: नागपूर कोणत्या राज्याची राजधानी होतं? "विदर्भाची" असं उत्तर सर्रास येतं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशाची राजधानी होतो. दुसऱ्या दिवशी मुंबई राज्यात गेलो आणि महाराष्ट्र झाला तो १९६० साली. आपल्या आजोबांच्या वयाची गोष्ट आहे ही. याचा व्हिडिओ करून कुणी अमेरिकेत फिरवला आणि खाली लिहिलं, "भारतीयांना स्वतःच्या गावाचंही काही माहीत नसतं," तर आपल्याला झोंबेल. त्यातली उत्तरं खरी असली तरी झोंबेल.

थोडे आकडे सांगतो. अमेरिकेत २०१२ च्या सरकारी पाहणीत विचारलं होतं, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो की पृथ्वी सूर्याभोवती. बरोबर उत्तर दिलं ७४ टक्क्यांनी. "चारातला एक अमेरिकन कोपर्निकसच्या आधी राहतो" अशा थाटाच्या बातम्या जगभर झाल्या. हाच प्रश्न भारतातल्या २००४ च्या पाहणीत होता. आपले ७० टक्के. आणि ज्या युरोपात कोपर्निकस जन्मला, तिथल्या २००५ च्या पाहणीत ६६! युरोपीय लोक मंद असतात, असा विनोद तुम्ही कधी ऐकलाय? मी तरी नाही. आकडा प्रत्येकाकडे आहे, पण हसायचं कुणाला हे आधीच ठरलेलं असतं. आकडा मागाहून येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माहिती नसणं म्हणजे अक्कल नसणं, आणि काही जणांना अक्कल नसणं म्हणजे त्यांच्या सगळ्या देशाला नसणं. या दोन उड्या आपण एका दमात मारतो. गंमत अशी की या उड्या शास्त्राच्या नावाने मारून झालेल्या आहेत.

१९१३ साल. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचं बेट आहे, बोटींनी येणारे बहुतेक गरीब स्थलांतरित तिथे उतरत. हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या सहायक तिथे त्यांची बुद्धी मोजत होत्या. बोटीच्या तळातून कित्येक दिवसांचा प्रवास करून आलेली माणसं, मध्ये दुभाषा, त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही, आणि त्यांना सांगायचं, ही आकृती बघून घ्या अन् आठवून काढा. १९१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यूंपैकी ८३ टक्के, हंगेरियनांपैकी ८०, इटालियनांपैकी ७९ आणि रशियनांपैकी ८७ टक्के मंदबुद्धी. तपासलेली माणसं किती? एकेका गटातली पन्नास किंवा त्याहून कमी. तीसुद्धा सरसकट घेतलेली नव्हती, गर्दीतून नजरेने वेचलेली होती. माईकवाल्या पोराने नवीन काही शोधून काढलेलं नाही.

दीक्षाभूमीच्या गावात बोलतोय, म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. त्याच १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब त्याच न्यूयॉर्कमध्ये पोचले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. मे १९१६ मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात. तो वर्ग घेणारे अलेक्झांडर गोल्डनवाइझर जन्मले होते कीव्ह शहरात, तेव्हाच्या रशियन साम्राज्यात. शंभरातले ८७ मंदबुद्धी ठरवलेल्या देशातून आलेला माणूस प्राध्यापक, आणि आपल्याकडे ज्याच्या जातीला शाळेत वेगळं बसवत तो विद्यार्थी. त्या वर्गात काय पातळीची चर्चा झाली असेल, मी बरेचदा त्याचा विचार करत बसतो.

पुढचा प्रकार मोठा आहे. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि सतरा लाखांवर शिपायांना बुद्धिमापनाच्या चाचण्या दिल्या गेल्या. त्यात एक प्रश्न असा: क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को म्हणजे तिथला डालडाच समजा. आणखी एक: क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? तो होता बेसबॉलचा खेळाडू. आता, "सावजी म्हणजे साडीचा प्रकार, नदी, नाटक की रस्सा?" असा प्रश्न काढून आपण कोचीच्या एखाद्या प्राध्यापकाला द्यावा आणि चुकला की म्हणावं, मल्याळी माणसाचा मेंदू कच्चा! इतकं ते उघड होतं. जे स्थलांतरित अमेरिकेत वीस वर्षं राहिले होते त्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांइतके येत होते आणि नुकत्याच उतरलेल्यांचे कमी, हे त्याच आकड्यांत दिसत होतं. कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये पुस्तक लिहून त्याचा अर्थ लावला की पूर्वी येणारे चांगल्या वंशाचे होते, हल्ली दर्जा घसरलाय. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना दारं जवळजवळ बंद केली. त्यामागे कारणं बरीच होती, पण असल्या पुस्तकांचा आधार बरा पडला. १९३० मध्ये ब्रिगमने स्वतःच आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा मात्र चालूच राहिला.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. २००२ मध्ये लिन आणि व्हॅनहॅनन या दोन अभ्यासकांनी १८५ देशांच्या बुद्ध्यंकाची यादी छापली. भारताला ८१ गुण. त्यातल्या शंभरावर देशांत चाचणीचा आकडाच नव्हता, शेजारच्या देशांवरून अंदाज ठोकला होता. ती यादी आजही नकाशा बनून तुमच्या-माझ्या फोनवर येते, आणि मग हसणाऱ्यांचा आवाज बसतो.

पण इथेच थांबलो तर मी तुम्हाला खूश करून घरी पाठवतोय असं होईल. २००९ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. पंधरा वर्षांच्या मुलांचं वाचन, गणित, विज्ञान. सत्तरावर सहभागींच्या यादीत दोघंही तळाला. आपलं उत्तर काय, तर प्रश्न आमच्या संस्कृतीतले नव्हते. म्हणजे क्रिस्कोचीच तक्रार! आणि पुढच्या फेऱ्यांना आपण गेलोच नाही.

ही तक्रार किती टिकते ते बघायची सोय आपल्याकडेच आहे. 'असर' ही ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी. तिचे कार्यकर्ते गावोगाव घरात जाऊन मुलांकडून उतारा वाचून घेतात. मराठी मुलाला मराठीत, दुसरीच्या पातळीचा, काही ओळींचा. त्यात ना परकी वस्तू असते, ना परका खेळाडू. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्म्यांना तो वाचता आला. ती मुलं रोज मोबाइल दुरुस्त होताना बघतात, बाजारात तोंडी हिशेब करतात, तेव्हा मेंदूचा प्रश्न नाही. पाच वर्षं शाळेत बसवून त्यांना वाचायला कुणी शिकवलं नाही, एवढाच अर्थ त्या आकड्यातून निघतो. त्याचा जाब रशियन, अमेरिकन किंवा मल्याळी माणसाला विचारता येत नाही, तो इथेच विचारावा लागतो. हा उतारा सगळ्यांना मिळतो. मी काही प्रती आणल्यात, दाराजवळच्या टेबलावर आहेत. घरी घेऊन जा आणि शेजारपाजारच्या पाचवीतल्या पोरांकडून वाचून घ्या. आता प्रश्न विचारा.