फ्रिजवरचा तक्ता

नमस्कार, श्रोतेहो. रुग्णालयाचा कारभार सचोटीने चालतो का, हे पाहायचं तर लसींच्या फ्रिजवर चिकटवलेला तापमानाचा तक्ता बघा.

लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात आणि पारा दिवसातून दोनदा बघून लिहायला हवा. महिन्याच्या साठ चौकटींत एकाच शाईने, एकाच हाताचे ‘4, 4, 4’ दिसले, की तक्ता महिनाअखेरीला बसून भरलाय असं खुशाल समजा. फ्रिज इतका शहाण्यासारखा वागत नाही. दार अर्धवट राहतं, वीज जाते, पारा चढतो.

असं खोटं लिहिलं का जातं? नुसता आळस क्वचितच असतो. बहुधा मागे कुणी प्रामाणिकपणे 11 लिहिलेलं असतं आणि बक्षीस म्हणून मेमो मिळालेला असतो. मग अख्खा वॉर्ड 4 लिहायला शिकतो.

म्हणून 11 ची नोंद आली की ‘ड्युटी कुणाची होती?’ हा प्रश्न प्रमुखाने गिळावा. लसी चालू फ्रिजमध्ये हलवून ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी, पारा किती वेळ वर होता ते लिहावं, आणि उत्पादकाला विचारल्याशिवाय त्या वापरूही नयेत, फेकूही नयेत. दाराचं रबर, थर्मोस्टॅट त्यानंतर. आणि हो, शून्याखालीही लक्ष हवं. गोठून वितळलेली धनुर्वाताची लस वरवर ठीक दिसते, पण वाया गेलेली असते.

शस्त्रक्रियागृहातही हेच. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची, शस्त्रक्रिया सुरक्षित व्हावी म्हणून केलेली 19 मुद्द्यांची तपासणी यादी तीनदा मोठ्याने वाचायची असते: भूल देण्याआधी, चीर घेण्याआधी, रुग्ण बाहेर नेण्याआधी. रुग्ण टेबलावर यायच्या आत तिन्ही रकाने भरलेले सापडले, तर सर्जनलाही थांबवायची मुभा नर्सला खरोखर आहे का, हे तपासा.

खरेदीत मागणी, माल उतरवून घेणं आणि बिल मंजूर करणं ही कामं तीन वेगळ्या माणसांकडे हवीत. एकाच पुरवठादाराची लागोपाठच्या क्रमांकांची तीन बिलं, तिन्ही मंजुरीच्या मर्यादेच्या जरा खाली, म्हणजे एकच ऑर्डर फोडलेली असण्याचा संभव दाट. पुरवठादार प्रमुखाचाच नातेवाईक निघाला, तर प्रमुखाने ते लेखी कळवावं, दर ठरताना बैठकीतून उठावं आणि उठल्याची वेळ इतिवृत्तात लिहून घ्यावी. ‘मी तोंडी सांगितलं होतं’ हे ऑडिटमध्ये चालत नाही.