जुन्या इंची लेथवर मिलिमीटरचे आटे

श्रोतेहो, नमस्कार.

कुपवाडच्या गाळ्यांत, तासगाव-पलूसकडच्या रस्त्यालगतच्या शेडमध्ये जुने इंची लेथ अजून फिरताहेत. बेड दणकट, हेडस्टॉक शाबूत. पण ऑक्टोबर छाटणीनंतर एखादा द्राक्षबागायतदार ब्लोअरचा शाफ्ट घेऊन येतो. आटे गेलेले, पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटरचा. "आमच्या लेथवर एमएम होत नाही" म्हणून त्याला परत पाठवलं जातं, आणि पुढं असा धडधाकट लेथच भंगाराच्या भावानं जातो. हे मला मुळीच पटत नाही. या लेथवर मिलिमीटरचे आटे बिनचूक पडतात.

अडचण लीड स्क्रूची, म्हणजे आटे पाडताना टूल पुढं सरकवणाऱ्या लांब स्क्रूची आहे, तो इंची. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानं हे पक्कं झालं. २५.४ ची दहापट २५४, तिची निम्मी १२७, आणि १२७ ही मूळ संख्या, तिला पुढं भागच जात नाही. म्हणून १२७ दात्यांचा गिअर लागतो.

हिशेब कागदावर मांडा. पिच गुणिले लीड स्क्रूचे इंचातले आटे गुणिले ५. ही संख्या वर, १२७ खाली. लीड स्क्रूला इंचात ८ आटे आणि पिच दीड, म्हणजे ६०. टम्बलर गिअर, म्हणजे स्पिंडलकडून स्टडला फिरवणारे गिअर, एकास एक असतील, तर स्टडवर ६० चा आणि लीड स्क्रूवर १२७ चा गिअर चढवा. मधला आयडलर कितीही दात्यांचा चालतो.

१२७ चा गिअर क्वाड्रंटमध्ये, म्हणजे हे गिअर बसवायच्या चौकटीत, मावत नसेल, तर ६३ चा घ्या. चालवणारे ६० आणि ६३, चालणारे १०० आणि ८०. चूक पडते मीटरमागे आठवा भाग मिलिमीटर. बोटभर लांबीच्या आट्यांत नट बसताना ती जाणवतसुद्धा नाही.

टूल मात्र बदला. व्हिटवर्थचं ५५ अंशांचं, मेट्रिकला ६० लागतात. सेंटर गेज, म्हणजे कोन तपासायची पट्टी, लावून घासा. दीड पिचची खोली ०.९२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग). टूल आत सरकवायच्या हँडलचं तुमचं डायल त्रिज्या दाखवतं की व्यास, ते आधी बघा. पहिला पास नुसता ओरखड्याचा घ्या आणि पट्टी लावा: दहा पिच बरोबर १५ मिलिमीटर भरले पाहिजेत.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. हाफ नट पुन्हा कधी लावायचा ते दाखवणाऱ्या थ्रेड डायलचा इथं उपयोग नाही. हाफ नट, म्हणजे कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारा नट, एकदा लावला की आटे पुरे होईपर्यंत उघडायचा नाही. उघडलात तर टूल दुसऱ्याच जागी पडेल आणि जॉब वाया जाईल. पास संपला की आधी टूल मागं घ्या, मगच मशीन उलटं फिरवून कॅरेज सुरुवातीला आणा, कट द्या, पुन्हा सुलट चालवा.

स्पिंडलवर आट्यांनी बसणारा चक असेल, तर वेग कमी करणारा बॅकगिअर लावून अगदी सावकाश फिरवा आणि स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय उलटी दिशा देऊ नका. धक्क्यानं तो चक सुटून अंगावर येऊ शकतो.