हमाली चार ठिकाणी

राम राम मंडळी! आज विषय कोडचा, पण सुरुवात केळीपासून. जळगावकर दुसरं काय करणार?

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी मी बिलाचं सॉफ्टवेअर लिहिलं. एके दिवशी त्यांचा फोन. "भाऊ, हमाली पावतीवर ३४७ अन् खात्यात ३४६ कशी?" हिशेब होता ३४६ रुपये ६० पैसे. आधी मी पैसे सोडून देत होतो, मग पावतीत जवळचा रुपया धरायला लागलो. तोच हिशेब महिन्याच्या खात्यात आणि ट्रकच्या चिठ्ठीतही कॉपी-पेस्ट केलेला होता, हे साफ विसरलो. एका रुपयाचा फरक, पण शेतकरी समोर बसलेला असतो ना!

असल्या प्रती शोधायला पीएमडी या कोड तपासणाऱ्या टूलसोबत सीपीडी, म्हणजे 'कॉपी-पेस्ट डिटेक्टर', नावाचं टूल फुकट मिळतं. ते कोडचे टोकन, म्हणजे बारीक तुकडे, पाडतं. नाव, कंस, वजाबाकीची खूण, प्रत्येकाचा एकेक. मग किमान ठरावीक टोकनांची सारखी साखळी कुठंकुठं आलीय ते दाखवतं. ही लांबी आपण सांगायची. मी सवयीनं १०० दिली आणि काहीच सापडलं नाही. सापडेल कसं? हमालीचं फंक्शनच (तेवढा हिशेब करणारा कोड) पाच ओळींचं! ४० वर आणल्यावर दोन जागा दिसल्या. तिसरीत मी 'वजन' या नावाचं 'माप' करून ठेवलं होतं, म्हणून ती निसटली. माझा कोड जावाचा, त्यामुळे 'इग्नोअर आयडेंटिफायर्स' लावलं, म्हणजे नावं न बघता तुलना होते. तीही आली. सोबत कचराही भरपूर येतो, चहा घेऊनच बसा.

आता खरी गंमत. त्याच यादीत घटीची दोन फंक्शनं होती, अक्षरशः जुळी. वजनातून टक्के वजा. एक या केळीवाल्यांचं, दांड्याची घट. दुसरं धरणगावच्या जिनिंगवाल्यांचं, कापसातल्या ओलाव्याची. मी हौसेनं एक केलं. पुढच्या हंगामात जिनिंगवाल्यांना ओलाव्याचे टप्पे हवे झाले. मी इफ-एल्स ('असं असेल तर हे, नाहीतर ते') घालत गेलो आणि बिल बिघडलं केळीचं. मुकाट्यानं परत वेगळं केलं.

तेव्हापासून एकत्र करण्याआधी मी एकच बघतो: नियम बदलला तर फोन कुणाचा येणार? हमालीचा एकाच माणसाचा येतो, म्हणून तिन्ही जागी आता एकच फंक्शन. घटीचा दोघांचा, वेगवेगळ्या महिन्यांत. ती दोन राहू द्या.

आणि चौथी हमाली? ती व्यापाऱ्याच्या मुनीमजींच्या एक्सेलमध्ये आहे, फॉर्म्युला होऊन. तिथं सीपीडी पोचत नाही. फंक्शनच्या डोक्यावर कॉमेंट टाकलीय: 'इथं हात लावला तर मुनीमजींना फोन कर.'